लाखाचा हेडफोन पारखायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं सेनहायझर एचडी ६०० वर ख्याल ऐकताय. आता लाखाच्या पुढचा हेडफोन घ्यायचा विचार आहे. दुकानात अर्ध्या तासात एचडी ८०० एस, हायफायमॅन आर्या आणि फोकल क्लिअर एमजी ऐकले. त्यातला एचडी ८०० एस ‘सगळं उलगडून दाखवणारा’ वाटला, पण घरी येऊन परीक्षणं वाचली तर जितकी माणसं तितकी मतं. वय पंचावन्न, काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाता, घरी मिरजेचा तंबोरा आहे. नेमकं काय ऐकून ठरवायचं, असं विचारताय.

मी शास्त्रीय संगीताचं ध्वनिमुद्रण करतो आणि दिवसाचा मोठा भाग हेडफोन लावूनच जातो. त्या कामातून जे पटलंय ते सांगतो. पहिलं म्हणजे, त्या अर्ध्या तासात तुम्ही तीन हेडफोनांची तुलना केलीत असं तुम्हाला वाटतंय, पण तिथे हेडफोनबरोबर आवाजाची पातळीही बदलत होती. शिवाय दुकानात ‘मोठं व्हॉल्व्हचं अ‍ॅम्प’ (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारं) होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे घरच्यापेक्षा अ‍ॅम्पही वेगळं. आणि गाणी दुकानदाराने निवडलेली. इतकं सगळं एकदम हललं की ‘हा जास्त चांगला’ हे मत नेमकं कशाबद्दलचं आहे ते कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

पातळीचा मुद्दा सर्वांत मोठा आहे. दोन हेडफोनांत एखादा डेसिबल फरक असेल तर आपल्याला ‘हा मोठा वाजतोय’ असं जाणवत नाही. ‘हा स्वच्छ आहे, भरीव आहे, जिवंत आहे’ असं जाणवतं. याचं एक कारण १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं: आवाज हळू असताना कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, पातळी वाढली की दोन्ही टोकं भरून येतात. म्हणजे केवळ आवाज वाढवून कोणताही हेडफोन जास्त संपन्न वाटतो. दुकानात प्रत्येक हेडफोनची संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठा वाजतो ते) वेगळी, नॉब मात्र तोच. तिथल्या तिथे करता येण्यासारखा एक उपाय आहे. ओळखीच्या गायकाची विलंबितातली मध्य सप्तकातली एखादी ओळ घ्या आणि प्रत्येक हेडफोनवर तो आवाज तितकाच मोठा वाटेल असा नॉब लावा. मग जो आवडतोय त्याला मुद्दाम किंचित खाली आणा. तरीही तोच आवडला तर ती आवड विश्वासाची. ही पातळी तुम्ही घरी रात्री ऐकता तेवढीच ठेवा, दुकानातल्या गोंगाटावर मात करण्याएवढी नको.

अ‍ॅम्पचं असं. एचडी ६०० आणि एचडी ८०० एस या दोन्हींचं इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) ३०० ओम, पण तो आकडा सगळ्या सुरांना सारखा लागू नाही. १०० हर्ट्झच्या आसपास ते बरंच वर जातं. ज्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो त्याचं स्वतःचं आउटपुट इम्पिडन्सही जास्त असतं, आणि अशा जोडीत १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग आपोआप उचलला जातो. डग्गा गोल वाटतो, आवाजाला ऊब येते. क्लिअर एमजी ५५ ओमचा आहे, त्याच्यावर या अ‍ॅम्पचा परिणाम आणखी वेगळा. आर्या प्लॅनर जातीचा (सपाट, पातळ पडद्याचा), त्याचं इम्पिडन्स सगळीकडे जवळपास सपाट, त्यामुळे त्याचा रंग बदलत नाही. फक्त तसल्या अ‍ॅम्पला तो ओढायला जड जातो. तेव्हा तुम्ही ऐकलेल्या एचडी ८०० एस मध्ये ते अ‍ॅम्पही मिसळलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. तुमचं घरचं अ‍ॅम्प साधं, कमी आउटपुट इम्पिडन्सचं असेल तर तेच दुकानात घेऊन जा. एचडी ६०० सुद्धा न्या. १९९७ पासून चालत आलेला तो हेडफोन तुमच्या कानात मुरलेला आहे. त्याचा अगदी खालचा बेस थोडा उतरता आहे, पण गळ्याच्या पट्टीत तो फार खरा वाजतो. तुलनेसाठी याहून चांगला पाया तुम्हाला मिळणार नाही.

आता ‘उलगडून दाखवणं’. हा शब्द मी रोज ऐकतो आणि दर वेळी विचारतो: नेमकं काय उलगडलं? बहुतेकदा उत्तर येतं, गायकाचा श्वास, ओठांचा आवाज, तबल्याच्या चाटेवरची टिचकी. हे सगळं साधारण ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतं. हेडफोनने तो पट्टा दोन-तीन डेसिबल उचलला की तपशील वाढल्यासारखे वाटतात. मूळ मुद्रणात ते आधीही होतेच, एचडी ६०० वरही ऐकू येत होते. २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा होता आणि नंतरच्या ‘एस’ मध्ये तो शोषून घेण्याची व्यवस्था केली गेली. ती व्यवस्था तुमच्या कानाला पुरेशी आहे की नाही हे तुमच्या कानाच्या आकारावरही अवलंबून असतं. म्हणूनच परीक्षणांतली मतं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात कोणी खोटं बोलत नाही, प्रत्येकाच्या कानाच्या पाळीत आणि नळीत त्या वरच्या पट्ट्याचं वेगळंच काहीतरी होतं.

खऱ्या तपशिलाची माझी कसोटी वेगळी आहे. गायक खुला आवाज लावतोय, तबला जोरात आहे, आणि मागे सारंगी त्याच्या जागा गिरवत हलकेच चाललीय. आवाज नेहमीपेक्षा कमी करा. त्या सारंगीचे कण आणि मींड तरीही धरून ठेवता येतात का? एका मोठ्या आवाजाच्या सावलीतला लहान आवाज ज्या हेडफोनवर शाबूत राहतो त्यात तपशील आहे. ट्रेबल उचलून हे साधत नाही; सारंगीचा मुख्य जीव त्याच्या कितीतरी खाली असतो.

पण तुमच्या घरात तंबोरा आहे हे वाचलं आणि मला वाटलं, या माणसाला दुकानातल्या गाण्यांची गरजच नाही. हेडफोन पारखायला तंबोऱ्यासारखं वाद्य नाही. तो थांबत नाही, त्यात चढ-उतार नाहीत, खालपासून वरपर्यंत सगळा पट्टा एकाच वेळी वाजत राहतो, आणि तुमचा कान रोज त्याच्या शेजारी बसून तयार झालेला आहे.

असं करा. तंबोरा नीट लावा, जवारी (घोडीवरची तारांची बैठक, जिच्यामुळे नाद गुंजतो) खुली असू दे. रात्री पंखा बंद करून, साधा हातातला रेकॉर्डर तीन फुटांवर ठेवून पाच-सात मिनिटं मुद्रण करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरे. पातळी आपोआप सांभाळण्याची सोय आणि खालचे सूर कापण्याचा फिल्टर दोन्ही बंद. मोबाइलवरचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा इथे चालणार नाही, त्यातले नमुने ठरावीक फेऱ्यांत फिरतात आणि कान ते ओळखून कंटाळतो. मुद्रण झालं की तंबोरा हातात घ्या, दोन मिनिटं छेडा, ठेवून द्या आणि लगेच हेडफोन लावून तेच ऐका. रेकॉर्डरच्या माइकचा स्वतःचा रंग त्यात येणारच, स्वस्त माइक बहुधा थोडे उजळ असतात. तो रंग सगळ्या हेडफोनांना सारखाच लागू होतो, त्यामुळे तुलनेला बाधा येत नाही.

काय ऐकायचं? काळी एकला मधला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे तुमची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळ. पण त्या तारेत ६९ ला स्वतःची ताकद फार थोडी असते. जवारीमुळे बहुतेक ऊर्जा वरच्या स्वरांशांत (मूळ कंपनाच्या पटीतल्या सुरांत) जाते, आणि त्या सगळ्यांमधलं अंतर ६९ चं असल्यामुळे कान खर्ज स्वतःच उभा करतो. म्हणून खर्जाचं वजन ऐकायला बेस फुगवलेला हेडफोन लागत नाही. १४० ते ५०० हर्ट्झचा भाग सरळ असावा लागतो. त्याच तारेचा पाचवा स्वरांश ३४६ च्या आसपास येतो, तो आपला स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार. प्रत्यक्ष तंबोऱ्यात तो जसा खर्जातून निघून थोडा वर तरंगतो तसा हेडफोनवर तरंगतोय का बघा. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये फुगवटा असेल तर गंधार सगळ्या गुंजनात चिकटून बसतो, वेगळा काढता येत नाही. तो भाग दबलेला असेल तर गंधार दिसतो, पण त्याखालचा भोपळा नाहीसा होतो आणि तंबोरा फळीवर ताणलेल्या तारांसारखा कोरडा वाटायला लागतो.

मग जवारी ऐका. तार छेडल्यावर वरचे स्वरांश एकामागून एक उमलून खाली उतरत जातात, आणि तो उतार कुठेही तुटत नाही. ६ ते ८ किलोहर्ट्झला टोक असलेल्या हेडफोनवर याच उताराला मध्येच एक चकाकी येते. प्रत्येक छेडीला त्याच जागी एक पातळ धातूचा आवाज डोकावतो. पहिल्या मिनिटात तो आकर्षक वाटतो. दहाव्या मिनिटाला कान त्याची वाट बघायला लागतो, आणि विसाव्या मिनिटाला हेडफोन काढावासा वाटतो. तुमच्या दुकानातल्या अर्ध्या तासात एकाही हेडफोनला सलग वीस मिनिटं मिळाली नसणार.

तिसरी गोष्ट, चार तारांच्या आवर्तनाचा सांधा. पंचम, जोड, खर्ज यांची छेड वेगळी कळते, तरी नाद सलग राहतो. काही हेडफोन छेड फार पुढे आणतात आणि नाद मागे टाकतात. काहींत छेडच हरवते. गाताना तुम्हाला मागे जसा तंबोरा लागतो, ज्यात सूर विरघळवता येतो, तसा तो वाजतोय का, हे तुम्ही कोणत्याही परीक्षकापेक्षा चांगलं सांगू शकाल. हेडफोन लावून हळूच षड्ज लावून बघा. एचडी ८०० एस, आर्या, क्लिअर तिन्ही पाठ उघडे, तुमचा आवाज बऱ्यापैकी आत येतो. सूर सहज बसला तर त्या हेडफोनचा मधला भाग ठीक आहे असं मी समजतो. माझ्या कामात यावर मी आलेखापेक्षा जास्त भिस्त ठेवतो.

तंबोऱ्यानंतर गळा. इथे १ ते ४ किलोहर्ट्झ जपून ऐका. कानाच्या नळीचा स्वतःचा अनुनाद ३ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून हेडफोनही तिथे मुद्दाम उचललेले असतात. ते योग्यच आहे. काही हेडफोनांत, प्लॅनरमध्ये तर बऱ्याचदा, १ ते २ किलोहर्ट्झला एक खळगा ठेवलेला सापडतो. त्याने गायक दोन पावलं मागे जातो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘काय अवकाश आहे!’ आकाराच्या ताना ऐकल्या की खरं काय ते कळतं: खळगा असेल तर तानेतले दाणे एकमेकांत मिसळतात आणि ‘आ’ थोडा ‘ऑ’ कडे झुकतो.

डग्ग्यासाठी एकच चाचणी: ‘गे’ वर मनगटाने दाब देऊन काढलेली मींड. स्वर वर सरकताना पाठलाग करता येतो का, की नुसता ‘धप्प’ ऐकू येतो? ज्यावर नुसता धप्प येतो त्याचा बेस कितीही खोल असो, ख्यालाला उपयोगाचा नाही.

अवकाशाबद्दल फार वेळ घालवू नका. तबला डावीकडे, हार्मोनियम उजवीकडे, तंबोरे दोन टोकांना, हे आम्ही मुद्रणकार मिक्सिंगच्या वेळी ठरवतो. तबला-डग्ग्याला दोन माइक लावून ते फाकवले की हेडफोनवर तबलजीचे हात खोलीभर पसरलेले वाटतात. त्यात हेडफोनचा दोष नाही आणि गुणही नाही. एचडी ८०० एस मधला ५६ मिलिमीटरचा पडदा कानाच्या पुढे तिरका बसवलेला आहे, त्यामुळे त्याचा पसारा खरोखरच मोठा आहे. तुम्ही मुख्यतः जुनी मुद्रणं ऐकत असाल तर त्या पसाऱ्याचा फायदा थोडाच होईल, कारण ती मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज.

आणि हीच मोनो मुद्रणं दुसऱ्या एका चाचणीला उत्तम. मल्लिकार्जुन मन्सुरांचं एखादं जुनं मोनो मुद्रण लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये, एका बिंदूत यायला हवा, आणि मंद्रापासून तारापर्यंत तिथून हलता कामा नये. हलत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव बाजू बदलत असेल तर हेडफोनच्या दोन बाजू जुळत नाहीत. झुकाव त्याच कानाकडे राहिला तर फरक तुमच्या दोन कानांत आहे. पंचावन्नाव्या वर्षी तसं असणं अगदी सर्वसाधारण आहे. एकदा कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणाचा आलेख काढून घ्या, म्हणजे कोणत्या पट्ट्याबद्दलच्या स्वतःच्या मतावर किती विसंबायचं ते कळेल. या वयात १२-१४ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना फारसं ऐकू येत नाही, आणि ख्यालात तिथे गमावण्यासारखंही फारसं नसतं.

मापांचे आलेख बघावेत का? जरूर बघा, पण ८-१० किलोहर्ट्झच्या वरच्या रेषेवर निर्णय घेऊ नका. हेडफोन अर्धा सेंटिमीटर सरकला तरी तिथली रेषा बदलते. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांच्या आवडीवरून जी लक्ष्यरेषा (हेडफोनचा आलेख कसा असावा याचा नमुना) काढली ती एक चांगला मध्यबिंदू आहे. तिचा बेस ख्यालासाठी मला थोडा जास्त वाटतो. एचडी ६०० ची सवय असलेल्या कानाला तर नक्की वाटेल. किंमत आणि आलेख यांचं नातं मात्र मनातून काढून टाका. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं तपासली, तेव्हा किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा वाजतो ते) यांत संबंध सापडला नाही. लाखाच्या पुढे तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः आवाजाच्या कमी विकृतीसाठी, दोन्ही बाजूंच्या नेमक्या जुळणीसाठी, पसाऱ्यासाठी आणि बनावटीसाठी. त्या गोष्टी खऱ्या आहेत, पण रंग बिघडलेला असेल तर त्या आनंद देत नाहीत.

एवढं सगळं दुकानात होणार नाही हे मला कळतंय. दुकानात फक्त पहिली चाळणी लावा: पातळी जुळवून तंबोरा, गळा, मोनो. जो टिकेल तो दोन-तीन दिवस घरी मागा. चांगले विक्रेते अनामत घेऊन देतात. घरी त्या दिवसांत एचडी ६०० ला हात लावू नका. कान नव्या रंगाला सरावायला वेळ घेतो, आणि पुष्कळ लोक ज्याला ‘हेडफोन मोकळा झाला’ म्हणतात त्यातला बराच भाग हे सरावणंच असतं. तिसऱ्या दिवशी परत एचडी ६०० लावा. त्या क्षणी काय कमी वाटलं ते लगेच कागदावर लिहा. ‘काहीतरी कमी’ असं लिहिलं जात असेल तर घाई करू नका. ‘खर्जाची तार पातळ झाली’ किंवा ‘सारंगी मागे गेली’ असं नेमकं लिहिता आलं तर त्या फरकासाठी पैसे मोजायला हरकत नाही.

घरच्या चाचणीत पंखा चालू ठेवून, चष्मा लावून, नेहमीच्या खुर्चीत ऐका. पाठ उघडे हेडफोन बाहेरचं सगळं आत घेतात, आणि एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईकडे पंख्याशिवाय कोणी तासभराचा बडा ख्याल ऐकत नाही. पंख्याच्या घरघरीत मंद आलाप बुडायला लागला की हात आपोआप नॉबकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. तुमच्या खोलीत त्या मर्यादेच्या बरंच खाली राहून आलाप नीट ऐकू येत नसेल, तर लाखाचा उघडा हेडफोन घेण्याआधी खोलीचा किंवा बंद पाठीच्या हेडफोनचा विचार करावा लागेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: तुमच्या एचडी ६०० च्या गाद्या कधी बदलल्यात? इतक्या वर्षांत त्या दबून पडदा कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल सरकतो. दबलेल्या गाद्यांशी तुलना केली तर कुठलाही नवा हेडफोन ‘उलगडून दाखवणारा’ वाटेल. नव्या गाद्या घाला, आठवडाभर त्यावर ऐका, आणि मगच दुकानात जा.